अट नसलेली माया



कागलहून हातकणंगल्याच्या अंगाला निघाले की पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. कसबा सांगाव, तळंदगे अशा गावांच्या माळावर ती पसरली आहे. ओतशाळा आहेत, यंत्रशाळा आहेत, कापडाचे कारखाने आहेत. पाळीचा भोंगा होतो, माणसांची रीघ आत जाते आणि दुसरी रीघ बाहेर पडते. आत जाणारा प्रत्येक माणूस काही अटी मान्य करून जातो. इतके तास काम, इतका माल, इतकी मजुरी. त्यात वावगे काही नाही. शेतावरसुद्धा तेच चालते. वाटेकरी वाट्याची अट ठरवतो, ऊसतोडीची टोळी उचल घेऊन कामाला बांधली जाते. व्यवहार म्हटला की अट आलीच.

पण याच मजुराच्या घरी रात्री मूल तापाने फणफणले तर त्याची आई त्याला विचारते का, की बाबा रे, तू मोठेपणी मला सांभाळणार असशील तरच मी उशाशी बसते? ती बसतेच. आपल्या गावाकडे याला माया म्हणतात. आता प्रश्न असा, की ही माया घराच्या उंबऱ्याशी संपते, की पुढेही जाते? परक्याला, विरोधकाला, ज्याच्याकडून परत काहीच मिळायचे नाही अशालाही ती मिळू शकते का? जगातल्या सगळ्या धर्मांनी हा प्रश्न हाताळला आहे. ख्रिस्ती धर्माने त्याला काय उत्तर दिले, आणि ते उत्तर आपल्या मुलखात येऊन कसोटीला कसे लागले, याचा आज विचार करू.

ख्रिस्ती लोकांचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. ग्रीक भाषेत प्रेमाला एकच शब्द नाही. स्त्री-पुरुषांच्या ओढीला एक शब्द, मित्रांच्या स्नेहाला दुसरा, घरच्या लळ्याला तिसरा. या सर्वांहून वेगळा एक शब्द नव्या कराराने उचलला. तो म्हणजे ‘अगापे’. समोरच्याची लायकी न पाहता, परतफेडीची आशा न धरता त्याचे भले इच्छिणारे आणि त्यासाठी स्वतःला झीज सोसायला लावणारे प्रेम, असा त्याचा अर्थ ख्रिस्ती परंपरेत रूढ झाला. मराठी बायबलात त्यासाठी ‘प्रीती’ हा शब्द आला.

शब्दाचा अर्थ कोशात पाहण्यापेक्षा येशूने सांगितलेल्या दाखल्यात पाहावा. उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्या शिक्षक बंधुभगिनींना ठाऊक असेल. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, परमुलखात जाऊन सारे उडवतो, दुष्काळ पडल्यावर डुकरे राखण्याची पाळी त्याच्यावर येते. मग तो घरी परतायचे ठरवतो आणि वाटेत बापापुढे बोलायचे शब्द जुळवतो. मी मुलगा म्हणवून घ्यायला लायक उरलो नाही, मला रोजंदारीवरचा गडी म्हणून ठेव, असे त्याला म्हणायचे असते. बघा हं, मुलगा अट घेऊन येतो आहे. काम करीन, त्याचे खायला घाल. बाप मात्र त्याला लांबूनच पाहतो, म्हाताऱ्या पायांनी धावत जातो, गळ्यात पडतो आणि त्याचे ते रोजंदारीचे बोलणे पुरे होऊच देत नाही. थोरला भाऊ शेतातून येतो आणि रागावतो. इतकी वर्षे राबलो, मला काय मिळाले, हा त्याचा सवाल. बाप त्यालाही समजावायला बाहेर येतो. थोरल्याची तक्रार हिशेबाने बरोबर आहे, हे आपल्यापैकी प्रत्येक शेतकऱ्याला पटेल. म्हणूनच ही गोष्ट अवघड आहे. हिशेब जिथे संपतो, तिथून ती सुरू होते.

ख्रिस्ती श्रद्धेत या शिकवणीची शेवटची कसोटी म्हणजे क्रूस. आपल्याला खिळणाऱ्यांना क्षमा व्हावी अशी प्रार्थना करीत येशूने प्राण सोडला, आणि ते मरण सर्वांसाठी होते, असे ख्रिस्ती माणूस मानतो. श्रद्धा ज्याची त्याची. पण प्रेमाची किंमत प्रेम करणाऱ्याने भरायची असते, हा विचार मात्र कोणालाही समजण्यासारखा आहे.

आपल्या मराठी माणसाला तो परकाही नाही. काशीहून रामेश्वराला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी करणारे एकनाथ महाराज आपल्या कथाकीर्तनांतून आपण लहानपणापासून ऐकतो. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर त्यांनी कडेवर घेतले, हेही ऐकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी संतांना सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. तेव्हा बीज बाहेरून आले म्हणा, पण जमीन इथली तयार होती.

आता आपल्या भागाकडे येऊ. रॉयल गूल्ड वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ सालच्या डिसेंबरात कोल्हापुरात आले. त्यांनी शाळा काढल्या आणि करवीरच्या ख्रिस्ती मंडळीची सुरुवात केली. पुढे १८७० साली हे काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. त्याच मिशनचे डॉक्टर विल्यम वान्लेस १८८९ साली हिंदुस्थानात आले. मूळचे कॅनडातले, न्यूयॉर्कला डॉक्टरी शिकलेले, वय अवघे चोवीस. सांगलीला छोट्या दवाखान्यापासून त्यांनी आरंभ केला, मग मिरजेला बस्तान हलवले. तिथे १८९४ साली इस्पितळ उघडले.

मिरजच का, तर रेल्वे. कोल्हापूर ते मिरज हा कोल्हापूर संस्थानचा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. मिरजेला पुण्याकडची आणि कर्नाटकाकडची गाडी मिळे. हातकणंगल्याच्या स्टेशनात बसलेला रोगी काही तासांत मिरजेला उतरू शकत होता. कागल, मुरगूड, निपाणीकडचा माणूस बैलगाडीने कोल्हापूर गाठी आणि तिथून आगगाडी. त्या काळी खेड्यात मोतीबिंदू म्हणजे कायमचा अंधार. म्हातारीच्या डोळ्यांत सारा आला की तिने कोपऱ्यात बसून दिवस मोजायचे. मिरजेला जाऊन डोळे परत मिळतात, ही बातमी गावोगाव पोचली. मग हाताला धरून आणलेली माणसे आपल्या पायांनी घरी परतू लागली. वान्लेस यांनी १८९७ साली मिरजेत डॉक्टरी शिकवण्याची शाळाही काढली, म्हणजे परदेशी डॉक्टरवाचून अडू नये. महारोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी वेगळ्या संस्था निघाल्या. त्या काळात घरचे लोकसुद्धा ज्यांना हात लावायला कचरत, ती ही माणसे. सांगली-मिरजेच्या मधल्या वान्लेसवाडीचे नाव याच डॉक्टरांवरून पडले. त्यांच्या पत्नी मेरी यांचे नाव कोल्हापुरातल्या इस्पितळाला मिळाले. वान्लेस १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे इथे राबले, आणि १९३३ साली अमेरिकेत वारले.

इथे कोणी रोखठोक श्रोता विचारील, आणि विचारावेच, की हे सारे खरे, पण या सेवेमागे धर्म वाढवण्याचा हेतू नव्हता काय? मग ती अट नसलेली माया कशी म्हणायची?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. मिशनरी आपला धर्म सांगायला आले होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. इस्पितळात प्रार्थना होत, ख्रिस्ताची गोष्ट सांगितली जाई. राज्य इंग्रजांचे होते, आणि गोऱ्या माणसाच्या शब्दाला त्या राज्याचे वजन होते. दुसरीकडे हेही खरे, की मोतीबिंदू काढताना रोग्याला धर्म बदल असे कोणी सांगितले नाही. मिरजेहून बरे होऊन आलेली हजारो माणसे आपल्या देवाला नारळ फोडून घरात शिरली. देणाऱ्याच्या मनात इच्छा असणे वेगळे आणि घेणाऱ्यावर अट असणे वेगळे. या दोहोंतली रेघ बारीक आहे. ती कुठे पुसट होते आणि कुठे ठळक राहते, हे पाहायला पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवले. त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर हे कुटुंब जगे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे संपले, मागण्याची लाज, काम येत नव्हते. रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले आणि शेकडो कोस पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथे पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. दोन वर्षांत तेही गेले. हाती राहिली तान्ही मनोरमा.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथून त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथले एक घर पाहायला पाठवले गेले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका त्या घरात राहत होत्या. मठातल्या भगिनी त्यांची सेवा करीत, त्यांना जपत. रमाबाईंना हे नवे होते. अशा बाईला हाकलून देण्याची रीत त्यांनी पाहिली होती, जवळ घेण्याची नव्हती. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

ती गोष्ट आपल्या पाणवठ्यावरची म्हणावी अशी आहे. भर दुपारी येशू विहिरीपाशी थकून बसला आहे. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. शिवाय या बाईचे आयुष्य लोकांच्या बोलण्याचा विषय झालेले. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिचे सारे त्याला ठाऊक आहे, तरी तो तिला झिडकारीत नाही. उलट धर्माचे सर्वांत खोल बोलणे तिच्याशीच बोलतो. पाण्यावरून माणूस कसा तोडला जातो, हे ज्या देशात चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली करावा लागला, त्या देशाला वेगळे सांगायला नको. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की या प्रसंगाने त्यांच्या मनाची दिशा बदलली. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण म्हणून त्या मठाच्या मुठीत गेल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतर चर्चचे अधिकारी त्यांना हे मानावे, ते मानू नये, असे सांगू लागले. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असा हिंदुस्थानातल्या बिशपांचा आग्रह पडला. रमाबाईंनी सडेतोड पत्रे लिहिली. एका जोखडातून सुटून दुसरे मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. जन्मभर त्या शाकाहारी राहिल्या, आपला पोशाख त्यांनी सोडला नाही. ज्यांच्या प्रेमाने त्या ख्रिस्ताकडे आल्या, त्याच लोकांच्या प्रेमात आज्ञेचा अंश दिसला तेव्हा त्यांनी तो स्पष्ट दाखवून दिला.

पुढे कसोटी त्यांचीच लागली. १८८९ सालच्या ११ मार्चला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय हिंदू विधवांना निवारा आणि शिक्षण द्यायचे, धर्मात हात घालायचा नाही, अशी बोली होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळात होते. रमाबाई पहाटे आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुष्कळ मुली घरच्यांनी काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला ओढले नाही, आणि दार लावूनही घेणार नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की आश्रयाला आलेल्या कोवळ्या मुलीवर आश्रय देणाऱ्याच्या श्रद्धेची छाप पडतेच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ज्याच्या हाती भाकरी, त्याच्या साध्या शब्दालाही भार येतो. मदत करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो वा पक्षाचा, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहावी. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी त्याच १८९३ साली पुनर्विवाह केला. सदनाने गोदूबाईंना अक्षर दिले, धीर दिला आणि त्यांचा धर्म त्यांच्यापाशी राहिला. कर्व्यांनी पुढे १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापला. एका दिव्याने दुसरा लागला, आणि दुसऱ्याने आपल्या तेलावर जळायचे ठरवले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा पाला खाल्लेला काळ आठवला. त्या तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. अशा मुलींना फूस लावून नेणारी माणसे तिथे टपून असत. पैसा हाती नव्हता. तरी त्या मुली गोळा करून घेऊन आल्या. त्यांतल्या अनेक रोगी होत्या, उवा-खरजेने भरलेल्या, चोरून खायला शिकलेल्या, शिव्या देणाऱ्या. अशा मुलीला न्हाऊ घालणे, तिच्या जखमा धुणे, तिने ताट भिरकावले तरी दुसरे वाढणे, हे रोजचे काम. पुण्यात तेव्हा प्लेग होता, सरकारी निर्बंध होते. म्हणून मुलींना केडगावच्या जमिनीवर नेले. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे म्हणून रमाबाईंनी ती आधीच घेतली होती. तिथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० सालच्या गुजराथेतल्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी केडगावच्या माळावर बांधून दाखवले. विणकाम, छपाई, शेती, तेलघाणा असे उद्योग मुली शिकल्या.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासले. विद्वानांसाठी नव्हे, तर नुकते अक्षर शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांना ते हवे होते. १९२१ साली एकुलती एक मनोरमा गेली. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा, तीच गेली. कानांनी ऐकू येत नव्हते, शरीर थकले होते, तरी काम थांबले नाही. १९२२ सालच्या ५ एप्रिलला रमाबाई वारल्या. महिन्याभराने, ६ मे रोजी, कागलच्या घाटगे घराण्यातून करवीरच्या गादीवर गेलेले शाहू महाराजही गेले. महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींसाठी वसतिगृहे उभारली, त्यांत एक ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही होते.

आणि आता जाता जाता उलट बाजूचा एक प्रसंग. हातकणंगल्याहून कोल्हापूरकडे गाडी निघाली की रुकडीनंतर वळीवडे स्टेशन लागते. दुसऱ्या महायुद्धात रशियाने आपल्या ताब्यातल्या पोलंडमधून असंख्य कुटुंबे सैबेरियाकडे हद्दपार केली. त्यांतले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे वळीवड्याच्या छावणीत राहिले. हे बहुतेक ख्रिस्ती. भाषा वेगळी, अन्न वेगळे, रंग वेगळा. त्यांची शाळा आणि त्यांचे देऊळ तिथे उभे राहिले. ती मुले पुढे जगभर पांगली, पण म्हातारपणी कोल्हापूरला परत येऊन त्यांनी ही माती पाहिली. येशूच्या दाखल्यात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला धर्माचे अधिकारी ओलांडून जातात आणि परक्या जातीचा शोमरोनी त्याला उचलतो. वळीवड्याला ख्रिस्ती माणूस वाटेवर पडलेला होता, आणि ज्या मुलखाने त्याला आसरा दिला तो करवीरचा होता. प्रीती कोणा एका धर्माच्या मालकीची नाही, हे त्या दाखल्याचेच सांगणे आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी हे दाखले वर्गात जरूर सांगावेत. सांगून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे, की आपल्या गावात वाटेवर कोण पडले आहे? कागलच्या वसाहतीत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशाकडून पोटासाठी आलेली माणसे आहेत. एका खोलीत पाचसहा जण राहतात, पाळीपाळीने झोपतात. त्यांतला एखादा तापाने पडला, यंत्रात बोट गेले, तर त्याची भाषा शेजाऱ्याला येत नाही आणि त्याची आई हजार मैलांवर असते. ठेकेदाराच्या कागदावर त्याचे नाव असेल, नसेल. त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवताना तो कुठला, कोणाचा, उद्या आपल्या कामी येईल का, हे विचारले नाही, तर हा सारा इतिहास आपल्याला कळला असे समजायला हरकत नाही.